सॅकच्या पट्ट्यावर ॲक्शन कॅमेरा: एल पट्टी, सायकलची ट्यूब आणि दोरी

सह्याद्रीत कॅमेरा हातात धरून ट्रेक होत नाही, कातळटप्पा आला की दोन्ही हात लागतात आणि नेमकं तेच तर शूट करायचं असतं. बाजारात रेडिमेड क्लिप मिळतात, काही चांगल्या पण आहेत, पण हार्डवेअरच्या दुकानातल्या एल पट्टीचं जुगाड मी गेले चार पावसाळे वापरतोय आणि ते हलत नाही, म्हणून सगळं नीट लिहितोय.

आधी दोरीचं सांगतो, कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. राजगडाला गुंजवण्यातून चोरदरवाज्याने चढताना वरच्या टप्प्यात कातळ आहे, रेलिंग लावलंय तिथे. तिथे माझा कॅमेरा सुटला, पट्ट्यावर चिकटवलेलं पॅड पावसात भिजून उखडलं होतं आणि मला कळलंच नाही. खाली आमच्याच ग्रुपमधली पोरं एकामागे एक चढत होती. मी जोरात "दगड!" ओरडलो, दुसरं काही सुचलंच नाही, कॅमेरा एकाच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर आपटला आणि कारवीत गेला. वजनाला जेमतेम दीडशे ग्रॅम, पण वरून डोक्यात पडला तर तो दगडच. त्या दिवसापासून माउंट (कॅमेरा बसवायची बैठक) कसाही असो, कॅमेऱ्याला वेगळी दोरी असतेच. २-३ मिमीची नायलॉनची दोरी घ्या, एक टोक कॅमेऱ्याच्या केजच्या (बाहेरून बसवायच्या चौकटीच्या) दांडीला, दुसरं सॅकच्या शिवलेल्या लूपला. माउंटला बांधू नका, माउंटच सुटला तर दोरी पण त्याच्याबरोबर जाणार. लांबी वीतभर पुरे, जास्त ठेवली तर फांदीत अडकते. आणि गळ्यात तर कधीच नाही.

आता माउंट. पहिल्यांदा मी सपाट प्लास्टिकचा तुकडा पट्ट्यावर बांधून त्यावर कॅमेरा बसवला आणि मग लक्षात आलं की कॅमेऱ्याचं बूड छातीला टेकलं तर लेन्स समोर बघतच नाही, वर नाहीतर बाजूला बघते. म्हणून एल पट्टी, तीच फळीखाली लावतात ती, दोन इंची. उभी बाजू सॅकच्या पट्ट्यावर, आडवी बाजू पुढे, तिच्यावर कॅमेरा उभा. आडव्या बाजूचं भोक साडेसहा मिमीपर्यंत मोठं करून घ्यायचं आणि सगळ्या कडा कानशीने घासून गोल करायच्या, नाहीतर पट्टा कापला जातो आणि पडलात तर छातीला लागतं.

बोल्टमध्ये बरेच जण चुकतात. ट्रायपॉडचे आटे पाव इंची असतात, इंचाला २०. दुकानात "दोन सुती बोल्ट द्या" म्हणा, कळतं. सहा एमएमचा देतील तर घेऊ नका, तो दिसायला तसाच असतो, दोन फेरे आत पण जातो, पण आट्यांचं अंतर वेगळं असल्यामुळे पितळी आटे खाऊन टाकतो आणि मग कॅमेऱ्याचं बूड कायमचं गेलं. अर्धा इंच लांबीचा बोल्ट घ्या, खालून घाला, मध्ये वॉशर टाकत जा आणि कॅमेऱ्यात फक्त ४-५ मिमी जाईल एवढंच ठेवा, जास्त लांब बोल्ट जोरात पिळला तर आतून बूड फुटतं. गोप्रोच्या हिरो १२ ला हे आटे बुडालाच आहेत, जुन्यांना फक्त बोटं (माउंटमध्ये अडकवायचे भोकवाले दाते) असतात, त्यांना छोटा ट्रायपॉड अडॅप्टर लावावा लागतो.

बांधायला पंक्चरवाल्याकडची जुनी ट्यूब. तो फुकट देतो. उभी चिरून दोन बोटं रुंद पट्टी काढा, साबणाने धुवा. एक तुकडा पट्टा आणि लोखंड यांच्यामध्ये ठेवा, मग उरलेली पट्टी पूर्ण ताणून गुंडाळा, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढला पाहिजे, शेवटचा फेरा जरा सैल ठेवून टोक त्याच्याखालून ओढून घ्या. वरून दोन केबल टाय. टायची कापलेली टोकं लायटरने जरा गोल करा, मानेला टोचतात.

जागा छातीच्या बकलाजवळ, तिथे पट्टा सरळ उभा असतो. खांद्याजवळ बांधला तर पट्टा मागे झुकलेला असतो आणि सगळं आभाळच येतं. पण चढताना आपण पुढे वाकतो ना, म्हणून पट्टी वाकवून लेन्स थोडी वर ठेवा, नाहीतर तासभर स्वतःचे बूट बघत बसाल. छातीचं बकल लावायचंच, त्याशिवाय पट्टा डावीउजवीकडे डोलतो. कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन (हलणारं चित्र स्थिर करायची सोय) आहे म्हणून सैल बांधू नका, उजाडायच्या आधी निघालात की अंधारात शटर हळू चालतं आणि हललेलं फूटेज सरळ झालं तरी पुसट राहतं.

काठीला हेच, फक्त एल पट्टी नको, बोल्ट उभा ठेवून ट्यूबने आवळा. सायकलच्या हँडलला होज क्लॅम्प (पाइप आवळायची स्क्रूवाली पत्र्याची कडी) आणि खाली ट्यूब. हेल्मेटला भोक पाडू नका, त्याची ताकद जाते, आणि थिनरवाला गोंद पण नको, प्लास्टिक कमजोर होतं. पॅड लावायचंच असेल तर पूर्ण सुकलेल्या गुळगुळीत जागी, निघायच्या निदान २४ तास आधी, आणि दोरी तिथे पण.

झालं की बिल्डिंगचे चार मजले सॅक भरून दोनदा चढा-उतरा, उतरताना मुद्दाम पाय आपटा, मग बोल्ट हाताने फिरतोय का बघा. फिरला तर ट्यूबचाच छोटा वॉशर कापून मध्ये टाका, रबर दाबलं गेलं की बोल्ट सुटत नाही. पावसाळा संपला की ट्यूब बदला, चिरा पडलेल्या असतात.