पोखरलेला रेन ट्री टप्प्याटप्प्याने कसा उतरवायचा

मुंबई-पुण्याच्या जुन्या सोसायट्यांत सगळ्यांत मोठे झाड बहुधा रेन ट्रीच असते. सावली भरपूर, वाढ झपाट्याची, पण फांद्या ठिसूळ. पन्नास-साठ वर्षांत त्या दोन-दोन इमारतींच्या गच्च्यांवर जातात. तोवर बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसलेले असतात आणि केबलच्या चरांत मुळे तुटलेली असतात. असे झाड एका बाजूने कापून आडवे करायला जागाच नसते. ते शेंड्याकडून खाली, तुकडे करत उतरवावे लागते. हे काम शिकलेल्या, नेहमी चढणाऱ्या माणसांचे आहे. पुढची माहिती कमिटी, मुकादम आणि खाली देखरेख करणाऱ्यांसाठी आहे. योग्य माणसे निवडता यावीत आणि चूक दिसताच काम थांबवता यावे, हा तिचा उपयोग.

आधी झाड नीट बघा

बुंध्याच्या तळाशी कडक, तपकिरी अळिंबी उगवली असेल तर आतली मुळे कुजत असल्याची ती खूण आहे. झाड ज्या बाजूला कलले आहे त्याच्या विरुद्ध बाजूला जमीन फुगली किंवा भेगाळली असेल तर मुळांची पकड सुटते आहे. असे झाड पावसाची वाट पाहत नाही. लाकडी हातोडीने खोड सगळ्या बाजूंनी ठोका. पोकळ जागी आवाज बदलतो. ढोली असेल तर भिंत किती जाड उरली ते सळई घालून मोजा. सर्वसाधारण नियम असा, की उरलेली भिंत त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी नको. एक मीटर व्यासाच्या खोडात १७ सेंटिमीटरपेक्षा कमी भिंत उरली असेल, किंवा ढोली एका बाजूने उघडी असेल, तर त्या खोडावर माणूस चढवू नका. बकेट गाडी (माणसाला पाळण्यात उभे करून वर नेणारी) किंवा क्रेन लावा. झाड वाळून वर्ष-दोन वर्षे झाली असली तरी हाच नियम, कारण वाळलेली फांदी वाकत नाही, कसलाही इशारा न देता तुटते.

परवानगीशिवाय करवत लावू नका. शहरांत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. अर्ज पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे जातो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष धरले जाते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. अर्जासोबत अळिंबी, भेगा आणि ढोली यांचे मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो जोडा. झाड आत्ताच कोसळण्याच्या बेतात असेल तर अग्निशमन दलाला १०१ वर कळवा आणि खालची जागा लगेच रिकामी करा.

काम फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काढलेले उत्तम. तेव्हा रेन ट्रीची पाने गळतात, वजन कमी होते, फांद्यांचे सांधे खालून स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात बगळ्यांची घरटी असतात, ती असताना काम लावू नका. आग्या मोहोळ असेल तर ते आधी जाणकाराकडून हलवून घ्या. उंचावर, हातात करवत चालू असताना माश्या उठल्या तर माणूस वाचवणे फार कठीण.

वीज

फांदी तारेपासून ३ मीटरच्या आत येत असेल तर वीज कंपनीकडून लेखी शटडाऊन घ्या. फोनवर "लाईन बंद केली" असे कोणी सांगितले म्हणून चढू नका. लाईनमन जागेवर हवा, त्याने तारा तपासून अर्थिंग करायला हवे, आणि शेवटचा माणूस खाली येईपर्यंत ते काढता कामा नये. शेजारच्या इमारतीचा जनरेटर किंवा सोलर चुकीचा जोडलेला असला तर बंद लाईनमध्ये उलटी वीज येते. अर्थिंगचा आग्रह त्यासाठीच आहे.

वजन, म्हणजे सगळ्या कामाचा पाया

झाडतोडीत जीव जातात ते बहुधा अंदाज चुकल्यामुळे. ओले लाकूड घनमीटरला १००० किलो धरा. मग हिशेब सोपा आहे: व्यास गुणिले व्यास गुणिले लांबी, तिन्ही मीटरमध्ये, आणि त्याला ८०० ने गुणा. अर्धा मीटर जाडीचा दोन मीटर ओंडका ४०० किलोचा. खालचा ९० सेंटिमीटर जाडीचा बुंधा मीटरभर जरी कापला तरी साडेसहाशे किलो. जिथे फांद्या फुटतात तिथला गाठीचा भाग याहून जड निघतो.

दोरावर येणारा भार मात्र वजनाइतका राहत नाही. तुकडा मीटरभर पडून दोराने एकदम अडवला तर झटका वजनाच्या कित्येक पट होतो. शिवाय कप्पीतून दोर उलटा खाली येतो, म्हणून कप्पी बांधलेल्या फांदीवर जवळपास दुप्पट ओढ पडते. म्हणून दोराच्या लेबलवर तुटण्याचा भार ५ टन लिहिला असेल तर त्यावर ५०० किलोच्या पुढे जाऊ नका, आणि तुकडा झटक्याने अडवावा लागणार असेल तर त्याच्या निम्म्याच्याही खाली राहा. बाजारातला पिवळा प्लॅस्टिकचा दोर या कामाला अजिबात नको. घर्षणाने तो वितळतो. १६ मिलिमीटरचा, कमी ताणणारा पॉलिएस्टरचा विणलेला दोर घ्या. चढणाऱ्याचा दोर वेगळा, लाकूड उतरवण्याचा वेगळा. त्यांची अदलाबदल कधीच नाही.

खालचा माणूस दोर हाताने पेलत नाही. बुंध्याला बसवलेल्या लोखंडी ड्रमवर दोन-तीन वेढे घेऊन तो दोर हळूहळू सोडतो. चांगला माणूस तुकडा सुटल्यावर दोर थोडा धावू देतो आणि मग मंद करत थांबवतो. वरच्या करवतवाल्याइतकेच कौशल्य इथे लागते, आणि ठेकेदार नेमका इथेच नवखा पोरगा उभा करतो. आधी त्याच्याकडून दोन-तीन हलक्या फांद्या उतरवून घ्या.

फांद्या

मोकळ्या जागेवरची बारीक फांदी सोडून देता येते. जाड फांदीला आधी खालून, जाडीच्या चौथ्या हिश्शाइतका काप द्या, मग त्याच्या ३–५ सेंटिमीटर पुढे, टोकाच्या बाजूला, वरून कापा. खालचा काप नसेल तर फांदी तुटताना साल आणि लाकूड खोडापर्यंत फाटत येते आणि ती फाट चढणाऱ्याच्या पट्ट्यावर येते. छपरावर गेलेल्या फांदीला दोर टोकाकडे बांधा आणि कप्पी तिच्याहून वर ठेवा. टोक वर राहते, बुडखा खाली झुकतो, छप्पर वाचते. दोर बुडख्याला बांधला तर टोक आधी खाली जाते आणि पत्र्यावर आपटते. एकाच बाजूच्या सगळ्या फांद्या एका दमात काढू नका, कललेल्या खोडाचा तोल बदलतो.

करवत चालू असताना चढणाऱ्याला दोन ठिकाणी बांधलेले असावे, त्यातला एक पट्टा पोलादी गाभ्याचा. करवतीच्या पट्टीच्या नाकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत उसळून तोंडावर येते, म्हणून चेन ब्रेक (करवतीची फिरती साखळी झटकन थांबवणारा) रोज तपासायचा. हेल्मेट, चेहऱ्यावर जाळी, कानाला मफ आणि खाली करवत चालवणाऱ्यांना मांडीवरचे जाड संरक्षक कापड. चपला घातलेल्या माणसाला आवारात घेऊ नका.

खाली दोरीने जागा अडवा. काम चालू असताना तिथे फक्त दोरवाला, आणि तोही तुकड्याच्या थेट खाली कधीच नाही. वरून "सोडतो" म्हटल्यावर खालून "सोड" असे उत्तर येईपर्यंत शेवटचा काप घ्यायचा नाही. आवाज पोचत नसेल तर वॉकी-टॉकी वापरा. पाने सतत हलवणारा वारा सुटला की थांबा.

क्रेन

हायड्रा गाडी (ओझे उचलून चालणारी छोटी क्रेन) या कामाला लावतात, पण लांब पल्ल्यावर ओंडका झुलवायला ती योग्य नाही. बाजूला पाय टेकणारी टेलिस्कोपिक क्रेन मागवा आणि तिचा भार-तक्ता पाहा. अंगावर लिहिलेली क्षमता बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, जवळ असतानाची असते. बूम लांबवली की ती झपाट्याने घटते. तुमच्या अंदाजाच्या दुप्पट वजन त्या अंतरावर पेलत असेल तरच होकार द्या. क्रेनचे पाय पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीवर, सेप्टिक टँकवर किंवा ड्रेनेज चेंबरवर टेकू नका. स्लॅब खचला की क्रेन झाडाबरोबरच आडवी होते. सोसायटीचा जुना प्लंबर जागेवर बोलवून टाक्या-पाईप खडूने आखून घ्या.

उरलेला बुंधा

खोडात दिव्यांचे खिळे, जुनी तार, कुंपणाची जाळी आणि ढोलीत कोणीतरी भरलेले सिमेंट सापडते. त्यावर चेन आपटली तर ती तुटून उडू शकते. लोहचुंबक फिरवून बघा, संशय असेल तिथे काप वर किंवा खाली सरकवा.

मोकळी जागा असेल आणि लाकूड भरीव असेल तरच शेवटचा ओंडका आडवा पाडा. पाडायच्या बाजूला व्यासाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी खोल खाच घ्या आणि मागच्या कापानंतर व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतके लाकूड बिजागरीसारखे शिल्लक ठेवा. ९० सेंटिमीटरला ९ सेंटिमीटर. ते पूर्ण कापले तर ओंडका वाटेल तिकडे जातो. पोकळ खोडात मधोमध बिजागरीच नसते, म्हणून तिथे क्रेनने उचलूनच काढा. ९० सेंटिमीटर जाडीचा पाच मीटरचा भरीव ओंडका सव्वातीन टनांचा असतो. पाडण्याआधी खाली फांद्यांचा आणि जुन्या टायरांचा जाड थर टाका, नाहीतर पाईप फुटतात. कापणाऱ्याने मागे, तिरक्या दिशेने मोकळी वाट आधीच साफ करून ठेवावी आणि ओंडका हलू लागताच करवत सोडून त्या वाटेने बाजूला व्हावे.

भिंतीलगतचा खुंट उपटायला जेसीबी लावू नका, पाया हलतो. जमिनीसपाट कापून वरचे लाकूड मशिनने किसून घ्या आणि मोठी मुळे कुजेपर्यंत जागेवरच राहू द्या. त्या जागेवर पेव्हर बसवण्याआधी दोन पावसाळे जाऊ द्यावेत, कारण मुळे कुजतील तशी जमीन खाली बसत जाते.