फिटच्या गोळ्या चालू, तरी झटके येतात: घरच्यांनी काय करावं

फिटच्या गोळ्या वेळेवर घेऊनही झटके थांबत नसतील, तर ते डिसोसिएटिव्ह झटके, म्हणजे फिटसारखे दिसणारे पण एपिलेप्सीमुळे (फिटच्या आजारामुळे) न येणारे झटके आहेत का, हे डॉक्टरांना विचारा. मारहाण, लैंगिक अत्याचार, सततचा छळ यांत माणसाला पळता येत नाही आणि उलटून बोलताही येत नाही. अशा वेळी मेंदू जाणीव, आठवण आणि शरीरावरचा ताबा यांची फारकत करतो. तेव्हा त्यानं जीव तगतो. पुढे एखादा वास, चढलेला आवाज, दाराची कडी एवढ्या निमित्तानंही तेच आपोआप घडतं. हे नाटक नव्हे. प्रत्येकाच्या झटक्यांमागे अत्याचारच असेल असंही नाही, म्हणून खोदून विचारू नका.

झटका आला की मोबाईलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. डोळे घट्ट मिटलेले, मान डावी-उजवीकडे हलणं, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणं, दोन मिनिटांहून जास्त चालणं ही डिसोसिएटिव्ह झटक्याची लक्षणं. एपिलेप्सीत डोळे बहुधा उघडे असतात, जीभ कडेनं चावली जाते. एकाच लक्षणावरून मात्र ठरवू नका. काहींना दोन्ही असतं, आणि एरवी काढलेला ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) नॉर्मल आला तरी एपिलेप्सी नाही असं होत नाही. खात्री होते ती झटका चालू असताना केलेल्या व्हिडिओ ईईजीनं.

त्या वेळी कांदा, चप्पल हुंगवू नका, हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा घालू नका. डोक्याखाली मऊ काही ठेवा, गर्दी हटवा, हळू आवाजात सांगा: ‘तू घरी आहेस, आज मंगळवार आहे, मी शेजारी बसलेय.’ भान येऊ लागलं की पाय जमिनीला टेकवायला सांगा, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं विचारा. विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नका. जिच्यावर अत्याचार झालाय तिला तो स्पर्शच पुन्हा तिथे नेतो. पहिलाच झटका असेल, पाच मिनिटांत थांबला नाही, श्वास अडकला किंवा मार लागला तर 108 ला फोन करा.

गोळ्या मनानं बंद करू नका. डिसोसिएटिव्ह झटक्यांवर खरा उपचार समुपदेशनाचा. त्यात आधी सुरक्षितता आणि स्वतःला सावरणं, जुन्या आठवणी नंतर. घाई केली तर झटके वाढू शकतात. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. छळ अजून चालू असेल तर आधी तो थांबवा, नाहीतर समुपदेशन टिकत नाही. छळ मुलाचा होत असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन 1098, आणि मानसोपचार कुठे मिळतील हे विचारायला टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.