'मेस्त' कोणाला म्हणावे? या चुका टाळा

पुण्याहून गोव्यातल्या फोंड्यात राहायला आलेल्या आमच्या शेजाऱ्यांनी मे महिन्यात कंत्राटदाराला फोन केला, "एक मिस्त्री पाठवा." पावसाआधी छपराचे वासे बदलायचे होते. दुसऱ्या दिवशी दारात थापी घेतलेला गवंडी उभा! त्या घाईच्या दिवसांत आठवडा फुकट गेला.

पहिली चूक हीच. महाराष्ट्रात गवंडी, मोटार दुरुस्त करणारा, फर्निचर करणारा असे बरेच जण 'मिस्त्री' असतात. गोव्यात 'मेस्त' म्हटले की आधी लाकूडकामच डोळ्यांसमोर येते. म्हणून नुसता शब्द सांगू नका, काम सांगा: "छपराला मेस्त हवा, वासे आणि रिपा बदलायच्या आहेत."

दुसरी चूक मला जास्त खटकते. 'मेस्त' हा गावंढळ शब्द समजून लोक तो टाळतात. तो पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आला; 'मेस्त्र' म्हणजे उस्ताद, ज्याच्या हाताखाली माणसे शिकतात तो. त्याचे मूळ लॅटिन 'मागिस्तेर'. इंग्रजीतून आलेला आपला 'मास्तर'ही त्याच मुळाचा, म्हणजे शाळेतले मास्तर आणि रंधा मारणारा मेस्त शब्दाने चुलतभाऊ. गोव्यात चर्चच्या शाळेत गाणे-वाजवणे शिकवणाराही 'मेस्त्र'च असे. 'सुतार' हे धंद्याचे आणि जातीचेही नाव आहे; 'मेस्त' ही हातातल्या कसबाने मिळवलेली पदवी आहे. म्हणून रंधा धरायला कालच शिकलेल्या पोराला मेस्त म्हणू नये. आणि ज्याने चौकट अशी बसवली की पावसाळ्यातही दार अडत नाही, त्याला 'कामगार' म्हणून हाक मारू नये.

हा शब्द परका म्हणून टाळायचा, तर दाराची 'बिजागरी' आणि कुलपाची 'चावी' यांचे काय करणार? त्याही पोर्तुगीजच. पाव घेऊन येणारा पोदेरही त्याच वाटेने आला.

जाहिरातीत भारदस्त वाटावे म्हणून 'लाकूडकाम तज्ञ' लिहितात. तिथे दोन चुका होतात. शब्द 'तज्ज्ञ' असा आहे: तत् आणि ज्ञ. सत् आणि जन मिळून 'सज्जन' होतो, तसाच इथेही त् चा ज् होतो. शिवाय तज्ज्ञ म्हणजे विषय जाणणारा, सल्ला देणारा. हाताने घडवणारा तो मेस्त. तसेच 'व्यवसायिक' नव्हे, 'व्यावसायिक'.

लिहिताना मेस्त, मेस्ताला, मेस्तांनी अशी रूपे करावीत. 'मेस्त्री' हे आडनावही असते, तेव्हा यादीत नावापुढे कामही लिहा. समोर हाक मारताना 'मेस्ता' म्हणा, पण बोलताना 'तुम्ही' म्हणा. आमच्या घरी कामाचा हिशेब मांडताना पहिल्या ओळीवर मेस्ताचे नाव असते आणि त्याच्या हाताखालच्या माणसांची नावे खाली.