प्रशिक्षणाचा उपयोग झाला का, हे आकड्यांवरून कसे तपासावे

कारखान्यातील प्रशिक्षण विभागाचा मासिक अहवाल बहुधा ‘शंभर टक्के कर्मचाऱ्यांनी कोर्स पूर्ण केला’ या वाक्याने सुरू होतो. हा आकडा खोटा नसतो. परंतु त्यातून कोर्स किती जणांनी शेवटच्या पानापर्यंत नेला एवढेच कळते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ऑपरेटरना मायक्रोमीटर (जाडी किंवा व्यास अतिशय बारकाईने मोजणारे हातातले उपकरण) वापरायला शिकवायचे आहे, असे उदाहरण घेऊन पुढची मोजणी कशी करावी ते येथे मांडतो.

सुरुवात प्रशिक्षणाच्या आधी करावी. शिकवून झाल्यावर शॉपफ्लोअरवरचा नेमका कोणता आकडा बदलायला हवा, हे क्वालिटी विभागासोबत बसून ठरवावे आणि त्याच्या मागील तीन महिन्यांच्या नोंदी काढून ठेवाव्यात. हे काम नंतरसाठी ठेवले की जो आकडा सुधारलेला दिसतो तोच निवडण्याचा मोह होतो.

सहभाग तपासण्यासाठी मूडल किंवा तत्सम ऑनलाइन प्रशिक्षण प्रणालीतील नोंदी एक्सेलमध्ये उतरवून घ्याव्यात आणि वेळेचा रकाना आधी पाहावा. बारा मिनिटांचा व्हिडिओ चार मिनिटांत ‘पूर्ण’ झालेला असेल, किंवा शिफ्ट सुटण्याच्या वेळी एकाच संगणकावरून लागोपाठ सहा लॉगिन दिसत असतील, तर ते शिकणे नव्हे, उरकणे आहे. मात्र कोणाला जाब विचारण्यापूर्वी, कामाच्या वेळेत शिकायला सवड दिली होती का, हे सुपरवायझरना जरूर विचारावे.

शिकणे मोजायचे असेल तर आधी आणि नंतर सारख्याच काठिण्याची चाचणी घ्यावी. गुण 40 वरून 70 झाले, तर मिळवण्यासारख्या 60 गुणांपैकी 30 मिळाले, म्हणजे प्रगती निम्मी. 80 वरून 90 झाले तरीही ती निम्मीच. सरासरीपेक्षा प्रश्नवार उत्तरे अधिक बोलकी असतात: एकच प्रश्न बहुतेकांचा चुकला असेल, तर दोष शिकवण्यात किंवा प्रश्नाच्या शब्दरचनेत शोधावा. शिकलेले विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवले होते. म्हणून तीच चाचणी तीस दिवसांनी पुन्हा घ्यावी.

खरी परीक्षा हाताची असते आणि माझ्या मते सर्वाधिक कष्ट येथेच घ्यावेत. गेज आर अँड आर हा मापनपद्धत किती भरवशाची आहे ते तपासणारा अभ्यास क्वालिटी विभाग करतच असतो. तो प्रशिक्षणाच्या आधी व नंतर करून घ्यावा. तीन ऑपरेटर, दहा पार्ट आणि प्रत्येक पार्टची तीन मापे, अशा नव्वद मापांमधून एकूण चढउताराच्या तुलनेत मापनपद्धतीची तफावत किती ते कळते. ती 10 टक्क्यांखाली असेल तर पद्धत चांगली, 30 टक्क्यांवर असेल तर अस्वीकार्य मानतात. या तफावतीचे दोन भाग पडतात: एकाच व्यक्तीने तोच पार्ट पुन्हा मोजल्यावर येणारा फरक, आणि वेगवेगळ्या व्यक्तींच्या मापांतील फरक. रॅचेट (मायक्रोमीटरचा दाब सारखा ठेवणारी टोकाची कळ) न वापरता थिंबल (फिरवायची मूठ) दाबून माप घेण्याची सवय सुटली की मुख्यतः दुसरा भाग कमी व्हायला हवा. तो कमी झाला, पण पहिला जसाच्या तसा राहिला, तर उपकरणाची झीज तपासावी. ती प्रशिक्षणाने भरून निघत नाही.

रिजेक्शन घटले म्हणून त्याचे श्रेय लगेच घेऊ नये, कारण त्याच महिन्यात कच्च्या मालाचा लॉट किंवा टूल बदललेले असू शकते. शक्य असल्यास आधी एका लाइनला शिकवावे, दुसरीला महिन्याभराने, आणि दोन्हींचे आकडे शेजारी ठेवावेत.

या नोंदी पगारवाढीला जोडू नयेत. तसे केले की लोक अडचणी लपवू लागतात आणि पुढचे सर्व आकडे निरुपयोगी होतात. वरिष्ठांना द्यायच्या अहवालात नावांऐवजी लाइन व शिफ्टनुसार गट दाखवावेत.

आकडे हलले नाहीत, तर मशीनजवळ जाऊन उभे राहावे. आमच्याकडे एका बॅचचे चाचणीतले गुण उत्तम होते, तरी दुसऱ्या शिफ्टची मापे सुधारत नव्हती. 25 ते 50 मिलिमीटरच्या मायक्रोमीटरचे शून्य तपासायला लागणारा 25 मिलिमीटरचा सेटिंग रॉड टूलरूमच्या कपाटात कुलपात होता, आणि किल्ली पहिल्या शिफ्टसोबत घरी जात असे.