सकाळचा बझर आणि स्वस्तातला फिल्टर

मालवणला पर्यटकांची बोट चालवतो. मागे 150 एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन. गेल्या हंगामात रोज सकाळी पहिल्या स्टार्टला ऑइल प्रेशर कमी असल्याचा बझर चार-पाच सेकंद वाजायचा, मग गप्प. तेलाची पातळी बरोबर. मी ऑइल प्रेशरचा सेन्सर बदलला. पैसे गेले, बझर तसाच.

मेकॅनिक काकांनी एकच विचारलं, "फिल्टर खंयचो घातलंस?"

ऑइल फिल्टर गाडीचा होता. आटे जुळले, स्वस्त मिळाला, बसवला.

काकांनी तो काढून पत्रा कापला. आतली रबराची चकती वाळल्या चिंचेसारखी कडक. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं तेल परत खाली जाऊ नये म्हणून ती असते. आमचा फिल्टर आडवा बसतो, म्हणजे रात्रभर तेल ओघळून सकाळी फिल्टर रिकामा! तो भरेपर्यंत प्रेशर येत नाही, तोवर बझर. कागदाच्या घड्याही एका बाजूला दबलेल्या. बाहेरून खाऱ्या हवेने गंज धरला होता तो वेगळाच.

आटे सारखे असले तरी बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर तुंबला तर तेलाला न गाळता पुढे सोडणारी झडप) किती दाबाला उघडतो ते वेगळं असू शकतं. आमचं इंजिन तासन् तास पाच हजार आरपीएमवर असतं; तो लवकर उघडला तर न गाळलेलं तेल सरळ बेअरिंगांत.

आता मॅन्युअलमधला पार्ट नंबर बघूनच घेतो, सिलिकॉनच्या चकतीचा. जुनी रबरी रिंग इंजिनलाच चिकटली नाही ना, हे हाताचं बोट फिरवून बघतो. नव्या रिंगला तेल लावतो, टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा. बझर त्याच दिवशी थांबला. जुना सेन्सर डब्यात पडून आहे, ठणठणीत.