रानव्हायोलेटचं बी कुठे शोधायचं?
व्हायोला सोरोरिया हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं रानफूल. याचं बी गोळा करायचं तर जांभळ्या फुलांवर डोळा ठेवून फारसा उपयोग नाही. भरपूर बी येतं ते उन्हाळ्यात, पानांखाली जमिनीलगत दडलेल्या, कधीच न उमलणाऱ्या कळ्यांतून! बोंड पिकलं की तडकतं आणि बी लांब उडतं, म्हणून आधीच त्यावर पातळ कापडाची पुरचुंडी बांधा.

थंडी सोसल्याशिवाय हे बी सहसा रुजत नाही. ओलसर वाळूत मिसळून फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे) ४ अंश सेल्सिअसच्या आसपास दोन-अडीच महिने ठेवा. मग पालापाचोळ्याचं खत घातलेल्या ओलसर मातीत, अर्धसावलीत पेरा. शक्यतो कुंडीतच; वाफ्यात शिरलं की आवरत नाही.