परदेशी पाहुण्यावर प्रसंग ओढवल्यास यजमानांनी या चुका टाळाव्यात

ताडोबा अभयारण्याच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटजवळच्या गावात, लोणारला अथवा सेवाग्रामला आलेल्या परदेशी पाहुण्याची बॅग चोरीला जाते किंवा एखाद्या पाहुणीवर अतिप्रसंग होतो, तेव्हा सर्वांत आधी धावून येतात ते होमस्टेचे यजमान, गाईड, जिप्सीचालक आणि पोलीस पाटील. त्यांच्या मनातील कळकळीविषयी मला शंका नाही. परंतु त्या कळकळीपोटीच काही चुका होतात, आणि पाहुणा चार दिवसांत मायदेशी परतणार असल्याने त्या पुढे सुधारता येत नाहीत.

सर्वांत घातक चूक म्हणजे प्रकरण गावातच मिटवणे. गावाचे नाव खराब होईल, सफारीचा हंगाम बुडेल या धास्तीने चार प्रतिष्ठित मंडळी बसतात, वर्गणी काढून नुकसान भरून देतात आणि पाहुणाही भिडेखातर मान हलवतो. मात्र पासपोर्ट चोरीला गेला असेल तर नव्या प्रवासी कागदासाठी दूतावास, देश सोडण्याच्या परवानगीसाठी परकीय नागरिक नोंदणी कार्यालय आणि भरपाईसाठी विमा कंपनी पोलिसांचाच कागद मागते. तेथे गावाने दिलेले पैसे कामाचे नसतात. ११२ वर फोन करावा आणि ठाण्यात रिपोर्ट द्यावा.

‘चोरी रेल्वेत झाली, तिकडेच जा’ असे सांगून पाहुण्याला परत पाठवणेही चूकच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात देता येते आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाणेदारांनी नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करावी.

पाहुण्याच्या वतीने आपणच बोलू नये. त्याला न समजलेल्या मराठी बयानावर त्याची सही घेतली गेली, तर पुढे तेच बयान त्याच्या विरोधात जाते. पर्यटन मंत्रालयाच्या १३६३ या क्रमांकावर हिंदी-इंग्रजीसह १२ भाषांत मदत मिळते. ज्या गाईडवर संशय आहे, त्यालाच दुभाषा म्हणून बसवू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. पण गडबडीत नेमके तेच घडते.

दूतावासाला उशिरा कळवू नये, आणि त्याच्याकडून अवास्तव अपेक्षाही ठेवू नयेत: तो तपास करत नाही, पण तातडीचा प्रवासी कागद देतो आणि कुटुंबाशी संपर्क साधून देतो. पाहुणा आल्यावर २४ तासांत ऑनलाइन नोंद करताना यजमानाने पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती घेतलेल्या असतात. त्या वेळी त्याच उपयोगी पडतात.

लैंगिक अत्याचार झाला असेल, तर घरातील बाई मायेने गरम पाणी काढते, कपडे धुवायला घेते, आणि पुरावा तेथेच नाहीसा होतो. न धुतलेले कपडे कागदी पिशवीत ठेवावेत आणि पोलिसांची वाट न पाहता तिच्या संमतीने तिला रुग्णालयात न्यावे. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने अशा पीडितेवर तत्काळ मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. तिचे बयान महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचे असते. तिचे नाव किंवा छायाचित्र गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. ‘ती परदेशी, तिला भरपाई कुठली’ असे म्हणणाऱ्यांसाठी सांगतो: बांगलादेशी महिलेवरील अत्याचाराच्या चंद्रिमा दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच १० लाख रुपयांची भरपाई कायम केली आणि जगण्याचा हक्क परदेशी व्यक्तीलाही असल्याचे स्पष्ट केले.

ती परतण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब नोंदवून घेण्याची विनंती तपास अधिकाऱ्यांना करावी. पुढील साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक असल्याने ठाण्यात येथील तात्पुरत्या सिमचा नंबर न देता तिचा मायदेशातील फोन आणि ईमेल नोंदवावा.